पिंपातलं खत कोणी पळवलं?

मी गुप्तहेर आहे. ही गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ती सगळ्यांना सांगितली आहे. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा पकडल्या. त्यापुढे चोर म्हणजे केवढा मोठा! अजून एकही हाती लागलेला नाही, पण तो चोरांचा आळस.

प्रकरण असं. माझी थोरली बहीण, ताई, इमारतीच्या मागे एका पिंपात खत करते. भाजीची देठं, फळांची सालं, वाळका पाला. सोसायटीच्या अध्यक्षांनी तिला तिथला कोपरा महिनाभरासाठी दिला होता, तोही नाक मुरडत. "एक तक्रार आली की पिंप बाहेर," असं बजावून. महिना संपायला पाच दिवस उरले आणि ताईला लेकीकडे जावं लागलं.

"पिंपाकडे लक्ष ठेव," ती म्हणाली. "आणि रोज एकदा खालीवर कर."

लक्ष ठेवणं हा माझा धंदा. खालीवर करणं हे अंगमेहनतीचं काम, म्हणून ते मला नीट ऐकू आलं नाही.

ती गेली तेव्हा पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजलं, तर चार बोटं कमी. तिसऱ्या दिवशी चांगलं वीतभर कमी! मी आत हात घातला. गरम! नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखं.

"चोर आत्ताच इथून उठून गेलाय," मी जाहीर केलं.

"म्हणजे तो खतात झोपला होता का हो काका?" तळमजल्यावरच्या शिंप्यानं विचारलं. त्याच्या खांद्यावर भरलेलं पोतं होतं.

"पोत्यात काय आहे?"

"कात्रणं."

मी पोतं उलटं केलं. कात्रणंच निघाली. म्हणजे त्यानं पुरावा आधीच बदलला होता.

"आता भरून द्या," शिंपी म्हणाला. त्यात माझा अर्धा तास गेला.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची शेवंती मला संशयास्पद टवटवीत दिसली. चोरीच्या खताशिवाय एवढा तजेला येतो कुठून? भिंग लावून पाहिलं, तर फुलं कापडाची निघाली.

शेवटी पिंपाचीच कसून तपासणी केली आणि हादरलो. चारी बाजूंना भोकं! चोरानं रस्ते पाडून ठेवले होते. मी प्रत्येक भोकावर चिकटपट्टी लावली, वर प्लास्टिक ताणलं, सुतळीचे अकरा वेढे दिले आणि समाधानानं झोपलो.

चौथ्या दिवशी पिंपाला असा वास सुटला, की मांजरानंही वाट बदलली. अध्यक्ष नाकाला रुमाल लावून खाली आले.

"हे पिंप आत्ताच्या आत्ता बाहेर!"

"थांबा," मी म्हणालो. "आत प्रेत आहे. मी दारं बंद केली तेव्हा चोर आतच राहिला असणार."

तेवढ्यात ताई आली. खांद्यावरची पिशवीही तिनं खाली ठेवली नाही. पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भोकं कोणी बुजवली?"

"चोराच्या वाटा होत्या त्या."

"हवेच्या होत्या! मी पाडल्यात. कोंडलं की सडतं ते."

"पण वीतभर खत चोरीला गेलं, ताई!"

"अरे, परातभर पालेभाजी शिजली की वाटीभर होते. तेव्हा कुणाला पकडतोस? हेही आत शिजतंय. म्हणून गरम, म्हणून कमी."

शिंप्याची कात्री घेऊन तिनं सुतळी कापली, चिकटपट्ट्या ओढून काढल्या, आतलं सगळं खालीवर केलं आणि त्यात वाळका पाला मिसळला. मग अध्यक्षांकडे वळली. "दोन दिवस थांबा, महिना संपू दे. मग वास घ्या आणि काय ते ठरवा."

दोन दिवसांनी अध्यक्षांनी लांबूनच वास घेतला. मग जवळून. मग रुमाल खिशात ठेवला.

"मातीचा येतोय," ते जरा निराश होऊन म्हणाले. "राहू दे पिंप. पण ज्यानं हा प्रकार केला, त्यानं रोज हे खालीवर करायचं. वर्षभर."

प्रकरण मिटलं. गुन्हेगार सध्या रोज सकाळी सहा वाजता फावडं घेऊन पिंपापाशी उभा असतो. माणूस कामचुकार आहे, पण पळून जाणार नाही. मी त्याला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही.