ताशी दहा किलोमीटरचा चमचा

रविवारी सकाळी सात वाजता यशवंतपूरच्या पलीकडच्या तळ्याच्या बांधावर पायजमा खोचून धावणारा पन्नाशीचा माणूस तुम्ही पाहिला असता, तर डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं वाटलं असतं. पण त्याच्या हातात बांबू असायचा, बांबूला दोरी आणि दोरीच्या टोकाला जेवणाच्या चमच्याचं पान. ते पाण्यातून चकाकत मागोमाग यायचं. हे आमचे परबअण्णा. राजाजीनगरात आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचे आणि माझ्याच ऑफिसात होते. बांधाच्या टोकाशी स्टॉपवॉच घेऊन उभा असायचा, तो मी.

"किती?"

"पन्नास मीटर, वीस सेकंद. ताशी नऊ."

"दहा पाहिजे. परत!"

कुपा, म्हणजे शहरात ज्याला टूना म्हणतात तो मासा, पळत्या भक्ष्यावर झडप घालतो. म्हणून होडी चालती ठेवायची आणि मागे दोरीला गळ लावलेलं खोटं आमिष, म्हणजे हा चमचा, बांधून ओढायचं. "मासा रूपाला भुलत नाही, कुलकर्णी. तो चाल बघतो, चाल!" हे वाक्य एका रविवारी मी अकरा वेळा मोजलं आहे. त्या तळ्यात कुपा नव्हता, आणि समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात.

म्हशी धुणारा एक गृहस्थ दर वेळी कानडीत विचारायचा, "अण्णा, मीनु सिक्ता?" मासा मिळाला का?

अण्णा गंभीरपणे सांगायचे, "इल्ला. स्पीड स्वल्प कम्मी." नाही, वेग जरा कमी पडला.

चमच्याला शेपटी म्हणून जरीचा गोंडा लागे. तो आणायला आम्ही चिकपेटेत जायचो. साड्यांच्या दुकानातल्या मराठी मालकाने पहिल्यांदा विचारलं, "लग्न कुणाचं, अण्णा?"

"लग्न नाही. माशाला फसवायचंय."

मालकाने गठ्ठा सोडला. "सरी, ठीक आहे. मग वर हिरवा, खाली चंदेरी घ्या. सुती नको, पाण्यात आटेल."

परबवहिनींचं मत वेगळं होतं. "डझनातले सात चमचे गेले. पाहुणे आले की श्रीखंड बोटाने खायचं, आमच्याकडे तशी रीतच आहे, असं सांगते मी."

हा सगळा खटाटोप मालवणला होडी घेऊन मासेमारी करणाऱ्या थोरल्या भावासाठी, बाबलदादासाठी होता. दर दिवाळीनंतर एक चमचा पार्सलने जायचा आणि उत्तरादाखल कार्ड यायचं: "चमचो पोचलो. मासो नाय." सहा वर्षांत अशी सहा कार्डं आली. अण्णा प्रत्येक कार्डानंतर चमच्याचा बाक बदलायचे आणि पुन्हा धावायला लागायचे. सातव्या वर्षी कार्डावर वेगळाच मजकूर आला: "होडयेक गिराइक इलाहा. विकतंय."

दादा होडी विकायला निघाला होता. तिसऱ्या दिवशी अण्णा रजेचे दोन अर्ज घेऊन खाली आले. दुसरा माझ्या नावाचा होता.

"मी कशाला? मी तर मासे खातही नाही."

"खायला कोण सांगतंय? मोजायला चला."

मालवणच्या किनाऱ्यावर बाबलदादा भेटला, तेव्हा मला हिशोब उमगला. त्याचा उजवा हात लुळा होता. अर्धांगाचा झटका येऊन सात वर्षं झाली होती. जाळं ओढायला चार माणसं लागतात, आणि ती दुसऱ्या होडीवर गेली होती. दोरी मागे सोडायला मात्र एक माणूस पुरतो, एक हात पुरतो. अण्णांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

सकाळी आम्ही तिघे निघालो. दूर पाण्यावर पाखरं तुटून पडत होती, म्हणजे खाली माशांचा थवा होता. दोन फेऱ्या झाल्या. काही नाही. मी सवयीने नारळाच्या सोडणाचा एक तुकडा नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाण्यात टाकला. होडी सहा मीटरची. तुकडा मागच्या टोकाशी यायला चार सेकंद लागले.

"अण्णा, ताशी साडेपाचसुद्धा नाही."

दादा जाळं सोडायच्या वेगाने होडी हाकत होता. आयुष्यभराची सवय.

"तुम्ही पत्रात वेग लिहिलाच नाहीत?" मी हळूच विचारलं.

अण्णा माझ्यावर डाफरले, तेही कुजबुजत. "होडी कशी हाकायची, हे मी दादाला शिकवू?"

मग ते मीच सांगितलं. मी परका, मला चालतं. दादाने मला नखशिखांत न्याहाळलं. "भटजी, होडयेत कधी बसलास?"

"आजच. पण जरा जोरात घ्या."

तुकडा सव्वादोन सेकंदांत मागे गेला. तिसऱ्या फेरीला दोरी अशी ताणली की मी खाली बसलो. दादाने इंजिन बंद केलं, डाव्या हाताने दोरी ओढली, गुडघ्याखाली दाबली, पुन्हा ओढली. मासा खाली बुडी मारे आणि ओढलेली सगळी दोरी परत घेऊन जाई.

"अण्णा, हात लावा की!"

"गप बसा." ते दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. चेहरा घामाने निथळत होता. दोरी इंचभर आली की त्यांचाही खांदा मागे जात होता, पण ते हात बाहेर काढत नव्हते. असं नऊ मिनिटं चाललं.

मासा होडीत पडला, तेव्हा दादा फक्त धापा टाकत होता. मी वजनकाटा लावला: चार किलो शंभर ग्रॅम.

किनाऱ्यावर होडीचं गिऱ्हाईक वाट पाहत उभं होतं. दादाने डाव्या हाताने मासा शेपटीला धरून वर केला.

"ह्यो होयो तर घे. होडी विकूची नाय."

आणि तो मासा घेऊन घराकडे चालू लागला. मीही उतरलो. अण्णा मात्र होडीतच बसून राहिले. तळहात बाहेर काढले होते, पण बोटं पांढरी पडली होती, मिटत नव्हती.

"कुलकर्णी," दादा दिसेनासा होईपर्यंत थांबून ते म्हणाले, "मला जरा धरून उतरवा."