नात्याचा रकाना

बबनतात्या साळवे बास्केटबॉलच्या मैदानावर आंघोळ करायचे.

टँकर आठ दिवसांतून एकदा येत होता, ती वर्षं. बजाजनगरातलं आमच्या कॉलनीचं मैदान मातीचं; पाणी मारलं नाही तर चेंडूपेक्षा फुफाटाच जास्त उसळायचा. पण प्यायची मारामार असताना मैदानावर पाणी ओतू कोण देणार? मग तात्यांनी तोडगा काढला. सकाळी पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून बादलीसकट रिंगखाली उभे राहायचे आणि तिथंच आंघोळ उरकायचे. आज डावा कोपरा, उद्या उजवा, रविवारी मधलं वर्तुळ. बायका त्या वाटेनं जाईनाशा झाल्या. कुणी तक्रार केलीच तर तात्या म्हणत, "माझ्या वाट्याचं पाणी हाय. ते कुठं सांडावं ह्याचा नियम दाखवा."

नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वाळूजच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर. सहीशिवाय नटबोल्टसुद्धा हलू द्यायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं दुसऱ्यांदा जिलबी पुढं केली, की आधी विचारायचे, "नियमात बसतंय का?" आणि मग तीन घ्यायचे. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरी नियम मोडायलासुद्धा कुणी नव्हतं. त्याच मैदानावर खेळणाऱ्या आमच्या बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक. मी सेक्रेटरी, म्हणजे फॉर्म भरणारा.

कामगारांच्या लीगमध्ये आठ संघ. मोठे कारखाने पैसे फेकून चांगले खेळाडू पळवायचे, म्हणून तात्यांनी समितीचं तीन तास डोकं खाऊन ठराव करून घेतला: प्रत्येक संघाच्या एकूण मानधनाला एकच मर्यादा, तिच्यावर एक रुपया नाही. सगळे उठायच्या बेतात असताना त्यांनी एक पुरवणीही जोडली. खेळाडूला खोली-जेवण दिलं, तर तेही मानधनातच धरायचं. सूट फक्त सख्ख्या नातेवाइकाकडे राहणाऱ्याला. नाहीतर हे लोक क्वार्टर देऊन पळवतील, असं त्यांचं म्हणणं. पुढं ह्याच पुरवणीनं त्यांचा गळा धरला.

बिरू शिंगाडे बिडकीनकडच्या मेंढपाळाचा मुलगा. दुष्काळात बाप मेंढरं घेऊन लांब गेला आणि हा कामाला इकडं आला. एकोणीस वर्षांचा, सव्वासहा फूट. कंत्राटी कामगारांच्या रांगेत तात्यांनी त्याला पाहिलं, हात वर करायला लावला आणि थेट घरी आणलं. त्यानं तोवर चेंडू हातात धरलेला नव्हता. दोन हंगामांत रिंगखाली त्याच्या हातातून चेंडू काढून घेईल असा माणूस लीगमध्ये उरला नाही. तो तात्यांना मामा म्हणायचा. जेवताना तात्या त्याला ताटातच डावपेच शिकवायचे. कांदा म्हणजे आपण, मिरची म्हणजे समोरचा. वर्षानुवर्षं मुक्या असलेल्या त्या घरातून भांडणाचे आवाज यायला लागले, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या हंगामाआधी एका मोठ्या कारखान्याच्या संघातले दोघे निवृत्त झाले. त्यांच्या मर्यादेत जागा झाली आणि त्यांनी बिरूला आमच्या तिप्पट मानधन देऊ केलं. बिरूला जायचं नव्हतं. घरी पैसे धाडावे लागतात, पण दुप्पट झालं तरी मी राहतो, असं त्यानं सांगितलं. आमची मर्यादा तर काठोकाठ भरलेली. प्रशिक्षकाचं मानधनही त्यातच धरलं जायचं, ते तात्यांनी सोडून दिलं. चाळिशीचा कॅप्टन स्वतःहून बाजूला व्हायला निघाला, तर त्याला शिव्या घालून संघातच ठेवलं. एवढं करूनही जी तूट राहिली, ती नेमकी खोली-जेवणाची; बिरू तात्यांच्या घरी राहायचा, तेही पुरवणीप्रमाणे त्याच्या मानधनात धरलं जायचं.

मी फॉर्मातल्या नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हटलं, भाचा लिहा, सगळेच संघ लिहितात. बिरूही मान डोलवत होता. तात्यांनी पेन हातात घेतलं, बराच वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"साळव्याचा भाचा शिंगाडे, म्हणून कुणी हसलं तर हसू दे. त्याचं मला काय नाय," ते म्हणाले. "पर पैसं वाचवायला लिहिला, तर तो तेवढ्यापुरताच भाचा ऱ्हाईल. मला तसला नगं."

मला त्यांचा भयंकर संताप आला. हा माणूस एका रकान्यापायी घर रिकामं करतोय, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्या कारखान्यात गेले. मुलीच्या लग्नाची बोलणी करावीत तसे दोन तास बसले. मेसमध्ये ज्वारीची भाकरी मिळते का, हेही विचारून आले. ठरलेल्या तिपटीवर आणखी थोडं वाढवून घेतलं. बिरूला मात्र कोरडेपणानं म्हणाले, पिशवी भर. पोरगं दुखावलं. जाताना मामा म्हणालं नाही की पाया पडलं नाही.

हंगामातला पहिलाच सामना त्या कारखान्याच्या संघाशी आला. बिरूनं रिंगखाली दोघांच्या डोक्यावरून चेंडू खेचला आणि तात्या उभे राहून टाळ्या पिटायला लागले. आमचा कॅप्टन मैदानातून ओरडला, तेव्हा हात मांडीखाली दाबून बसले. आम्ही सडकून हरलो. बिरू मान वळवूनही न बघता त्यांच्या बसमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहीसाठी तात्यांकडे गेलो. टोपल्यात एकच भाकरी होती. स्वयंपाक केला नाही का, म्हणून विचारलं.

"सकाळी एकदाच करतो आता. पोरगं होतं तवा दोन वक्त गॅस पेटायचा. एकट्याला एकदा पुरतंय." टोपलं झाकत म्हणाले, "घर लई मोठं झालंय रे, सेक्रेटरी."

मी पोटभर जेवून आलो होतो. तरी म्हणालो, तात्या, भूक लागलीय. ते लगबगीनं उठले, परात घेतली आणि चांगलं चार भाकरींचं पीठ काढलं. मी पुरे म्हणालो नाही.