उंबऱ्याच्या आत झाडलेले बूट

आमचे जाधव सर कुठूनही बाहेर पडताना उंबऱ्याच्या आत उभे राहून बूट झाडतात. लोक घरात येताना पाय पुसतात, हे जाताना. बँकेत झाडतात, दवाखान्यात झाडतात, प्राचार्यांच्या दालनातल्या गालिच्यावरही झाडतात. प्राचार्यांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावला आणि सरांची बढती रखडली. विचारलं तर सर एवढंच म्हणतात, "जिथली धूळ तिथंच ऱ्हावी."

विट्याच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवतात, मी शेजारच्या वर्गात मराठी. गेल्या हिवाळ्यात त्यांनी चेन्नईचा अभ्यास दौरा काढला. विषय, स्थलांतरितांची वस्ती. निघताना नारळ फुटला, बॅनर धरून फोटो झाला. बॅनरवर चेन्नईपेक्षा प्राचार्य मोठे होते.

"आपलीच माणसं बघायला एवढ्या लांब कशाला?" मी गाडीत विचारलं.

"लांब गेल्याबिगर ती स्थलांतरित कशी व्हतील?" सर म्हणाले.

आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगली आहेत. चेन्नईतल्या त्यांच्या गल्लीत पाट्या तमिळ होत्या आणि आतली बोली आमच्या खानापूर तालुक्याची. मुलं दुकानोदुकानी सरांनी शिकवलेला प्रश्न विचारत होती, "गावाला परत कधी येणार?" उत्तर सगळीकडे तेच, "बघू, जत्रंला." एका दुकानदारानं आमच्या वैष्णवीलाच उलट विचारलं, "पोरी, तू कुणाची गं?" तिनं सांगितल्यावर तिची आत्या त्याची भावजय निघाली. अभ्यास थांबला आणि चहा आला.

निघताना त्यानं दारात पितळी परात सरकवली. गिऱ्हाईक असो की पाहुणा, बूट तिच्यात झाडायचे. गलाईवाले केर टाकत नाहीत, जुनं पायपुसणंसुद्धा जाळून राखेतून सोन्याचे कण काढतात. सरांचं लहानपण वडिलांच्या हैदराबादच्या अशाच दुकानात गेलेलं. "न झाडता भाईर पाय टाकला की बाबा कानाखाली वाजवायचं," ते म्हणाले. इतकी वर्षं आम्ही ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो, ते वळण होतं.

गल्लीच्या टोकाच्या दुकानापाशी सर रेंगाळले. पाटी दोनदा वाचली. तमिळ त्यांना येत नाही.

आत बनियन घातलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भट्टीपाशी बसले होते. सरांचे थोरले भाऊ, आण्णा. सरांच्या मुलीच्या लग्नाला ते आले नव्हते आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. आण्णांनी मुलांना बसायला दिलं, चहा सांगितला, माझी चौकशी केली. सरांकडे पाहिलं नाही.

वैष्णवीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं प्रश्न टाकला, "काका, गावाला परत कधी येणार?"

"आवतण आल्यावर," मुशीतल्या चांदीवरची नजर न काढता आण्णा म्हणाले. "सख्ख्या भावानं पुतणीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर धाडली, बाळा. खाली हात जोडल्यालं चित्र. गावच्या सोसायटीच्या सभासदांस्नी बी तीच. आता मी चुलता हाय का सभासद, ते तुज्या सरांस्नी इचार."

तिनं वही मिटली. चहा सगळ्यांनी फार लवकर संपवला.

मुलं इथल्याही दारातल्या परातीत बूट झाडून एकेक करत बाहेर पडली. मीही झाडले. सर शेवटी आले, परातीसमोर थांबले, आणि ती ओलांडून सरळ रस्त्यावर उतरले.

"बूट झाड रं," आतून आवाज आला. त्या दिवसातलं आण्णांचं सरांशी पहिलं बोलणं.

"न्हाई झाडत," सर म्हणाले. "तुमचं सोनं घिऊन चाललोय, आण्णा. जत्रंला या आन् झाडून न्या. हितवर येऊन तोंडानं सांगतोय."

आण्णा उंबऱ्यापर्यंत आले. भावाच्या बुटांकडे बघत राहिले. मग मुलांना म्हणाले, "बघून ठेवा रं, मास्तर चोर हाय तुमचा." आणि परात पायानं आत सारली.

परतीच्या गाडीत सर अनवाणी बसले होते. बूट पिशवीत होते, पिशवीला गाठ होती आणि पिशवी मांडीवर होती.