तलवारीची मूठ आणि माझा पंजा

घोडदळाची एक जुनी तलवार दिवाणखान्यात टांगायची, एवढंच मी ठरवलं होतं. ती हातात धरायचं माझ्या मनातही नव्हतं. (खोटं कशाला बोलू, आरशासमोर एकदा धरली होती. पण म्यानासकट.) पुढचं सगळं घडलं ते माझ्या मेहुण्यामुळे, आणि हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

मेहुणा आला, चहा प्यायला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "दाजी, ही वाकली कशानं?"

वाकली! माझं डोकंच फिरलं. मी तलवार म्यानातून उपसली.

"अरे, तिला मुद्दाम बाक दिलाय! धावत्या घोड्यावरून वार केला की पातं कापत निसटलं पाहिजे, अडकून बसता कामा नये."

"आणि पात्यावरची ही खोबण? रक्त वाहून जायला ना?"

"वजन कमी व्हायला!" मी मूठ त्याच्या नाकासमोर धरली. "आणि मुठीभोवतीचा हा पितळी पिंजरा बोटं वाचवायला."

"पण त्यात तुमचा पंजा काही मावायचा नाही."

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? मी पंजा घातला. मावला! मेहुण्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि पंजा बाहेर काढायला गेलो.

निघेना.

साबण झाला, तेल झालं. मेहुण्याने पात्याला टॉवेल गुंडाळून मला पुढे ओढलं, बायकोने कमरेला धरून मागे. पंजा टम्म फुगला.

"पिंजरा कापू या," मेहुणा म्हणाला.

"खबरदार! अस्सल जुना माल आहे!"

"मग काय हात कापायचा?" बायकोने विचारलं. तिचा सूर मला मुळीच आवडला नाही.

शेवटी तिने दवाखान्यात फोन केला, पात्यावर उशीचा अभ्रा चढवला आणि आम्ही निघालो. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदाच मागे पाहिलं. त्यानंतर त्याने एकही सिग्नल पाळला नाही.

डॉक्टरांनी बर्फाने सूज उतरवून हात सोडवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधीची. मी बसताच माझ्या बाकावरची सगळी माणसं उठून समोरच्या बाकावर गेली.

"फोनवर काय सांगितलंस?" मी बायकोला हळूच विचारलं.

"तलवार म्हटलं असतं तर त्यांनी पोलीस बोलावले असते. म्हणून जरा वेगळं सांगितलं."

एवढ्यात दार उघडून नर्सने खणखणीत आवाजात पुकारा केला,

"बांगडी अडकलेल्या बाई कोण? चला आत!"

मी तलवारीसकट उठलो.