एकही मनुका हलली नाही

"आता अजिबात श्वास घेऊ नका," काकू म्हणाल्या आणि शेवटची मनुका त्यांनी फळीच्या कडेला टेकवली.

काकांनी श्वास रोखला. तसे ते या घरात इतकी वर्षं बेतानेच श्वास घेत आले होते, त्यामुळे फार जड गेलं नाही. काकू दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी केली आणि एक डोळा मिटला. गिऱ्हाइकाच्या अंगावर नवा झगा चढवला की त्या अशाच बघतात. मग पुढे होऊन त्यांनी मनुका सुताभर डावीकडे सारली आणि म्हणाल्या, "हं. सोडा."

काकू शिवणकाम करतात, आणि ही गोष्ट त्यांच्या फळीकडे पाहणाऱ्याला कुणी सांगावी लागली नसती. सणाला गोड आणि खारं असं दोन्ही एकाच फळीवर मांडून न्यायचं ठरल्यावर त्यांनी आधी कागदावर बेत काढला, मग कापड बेतायची आपली जुनी फळी घासून-धुऊन वाळवली, वर कागद अंथरला आणि पहाटेपासून कामाला लागल्या. चारी कडांना खाऱ्या काड्यांचा काठ. काठाला लागून मनुकांचा धावदोरा, अंतर सगळीकडे सारखं. डाव्या अंगाला संत्र्याच्या फोडी, अंजीर, चॉकलेटचे तुकडे. उजव्या अंगाला बिस्किटं, काकडीच्या चकत्या, खारे बदाम. गोडाचा ओलावा खाऱ्याला लागू नये म्हणून मधे अक्रोडांचं अस्तर. आणि बरोबर मध्यावर चीजच्या पातळ कापांना चुण्या घालून उभं केलेलं चार बोटं उंच फूल. माणसं मेजवान्या मांडतात. काकूंनी ती शिवली होती.

एवढा जीव ओतायला कारण होतं. सणाचं जेवण दरवर्षी थोरल्या जाऊबाईंकडे असे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि काकूंनी नेलेली एकही गोष्ट तिथवर धड पोचली नव्हती. एका वर्षी पुडिंगचं सरबत झालं. गेल्या वर्षी तीन थरांच्या केकने वाटेत अंग टाकलं. दर वेळी जाऊबाई झाकण उघडत, आत डोकावत, आणि अतिशय प्रेमाने म्हणत, "असू दे." त्या दोन शब्दांनी काकूंना वर्षभर पुरेल इतका ताप येई. यंदा त्यांना बाकी काही नको होतं. फळी जशी मांडली तशी जाऊबाईंच्या नजरेसमोर ठेवायची, बस्स.

"चला, उचला," काकू म्हणाल्या. "लिफ्टने जाऊ."

"फळी केवढी आहे?" काकांनी विचारलं.

"चार बाय अडीच."

"आणि लिफ्टचं दार?"

काकूंचा हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे गेला. अख्ख्या गल्लीची छाती-कंबर त्यांना तोंडपाठ होती, पण लिफ्टचं माप कुणी घेतलं होतं! बाहेर जाऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोन फूट."

"मग जिन्याने."

"तिसऱ्या मजल्यावरच्यांनी जुनं कपाट काढून ठेवलंय मधोमध. मीच तर काल म्हटलं, सणाची साफसफाई करताय, छान." काकू खुर्चीत बसल्या. "झालं. आता इथेच खा सगळं."

काकांनी फळीला एक फेरी घातली. हात मागे, मान पुढे. काचसामानाच्या कारखान्यात डिस्पॅच खात्यात त्यांनी एकतीस वर्षं माल बांधला होता. झुंबरं, पेले, हंड्या. बोटीने, रेल्वेने, खेचरांवरूनसुद्धा. त्यांच्या हातच्या खोक्यात एकदाही काही फुटलं नाही, आणि निवृत्तीला कारखान्याने त्यांना भेट दिलेला काचेचा हंस घरी नेताना दुसऱ्याने बांधला म्हणून फुटला होता.

"उभी करू," काका म्हणाले.

"कोणाला?"

"फळीला. कडेवर उभी केली की दारातून सहज जाईल."

"अहो, चीज आहे ते! चीज कुठे उभं राहतं?"

"अगं, राहत नाही. राखावं लागतं. तुझ्या कातरणांची पोती कुठे आहेत?"

पुढचा पाऊण तास काकूंनी आपला नवरा नव्याने पाहिला. एरवी चहाचा कप कुठे ठेवला हे न आठवणारा हा माणूस आता न बोलता, न थांबता काम करत होता. आधी पातळ कागद, मग फळीच्या उंचसखलपणाबरहुकूम कातरणं भरलेल्या छोट्या उशा: फुलाभोवती मऊ, अक्रोडांवर घट्ट, मनुकांवर नुसतं बोट टेकल्यासारख्या. वर दुसरी फळी. मग त्यांनी कान लावून अख्खा ऐवज हलकेच हलवला.

"काय ऐकताय?"

"पोकळी. आवाज आला तर कुठेतरी पोकळी आहे. हे बघ, इथे एक बदाम बोलतोय." त्या बदामाचं तोंड चिमूटभर कापसाने बंद झालं. पुन्हा कान, पुन्हा हलवणं. आतून शब्द नाही. मग त्यांनी सुतळी पाण्यात भिजवून अकरा जागी आवळली. "ओली बांधली की वाळताना आणखी आवळते," ते म्हणाले, आणि सवयीने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जपून. फुटेल.'

लिफ्टमध्ये फळी उभी राहिली. काकू डोळे मिटून शेजारी. दुसऱ्या मजल्यावर एक शेजारी आत शिरले.

"अरे वा, नवा टीव्ही?"

"खाऊ आहे," काका म्हणाले.

शेजाऱ्यांनी उभ्या खाऊकडे, मिटलेल्या डोळ्यांच्या काकूंकडे पाहिलं आणि ते पहिल्या मजल्यावरच उतरले.

खाली टेम्पो ठरवलेला होता. टेम्पोवाला गडी जोरात हाकणारा म्हणून प्रसिद्ध. वेळेवर पोचावं म्हणून काकूंनी मुद्दाम तोच बोलावला होता. पण त्याने 'जपून. फुटेल.' वाचलं आणि त्याच्यात एकदम जबाबदारी संचारली.

"काकू, काळजी सोडा. माझ्या बहिणीची पाठवणी केली तेव्हा चालवला नसेल इतका हळू नेतो."

"इतका हळू नको रे, जेवायला एक वाजता बोलावलंय!"

"काकू, काच ती काच."

"काच नाहीये! काकडी आहे!"

"तुम्ही घाबरलाय," टेम्पोवाला मायेने म्हणाला आणि त्याने एका सायकलला पुढे जाऊ दिलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांना. ते चालत होते. भर उन्हात टेम्पो असा सरपटत असताना मागे सुतळी वाळत होती आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे आवळत होती.

पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. घरात पंधराएक पाहुणे भुकेने एकमेकांशी फार गोड बोलत होते. जाऊबाईंनी जेवण झाकून ठेवलं होतं. स्वयंपाक त्या नेहमीच पन्नास माणसांचा करत. उरलेलं डब्यात भरून प्रत्येकाच्या हातात देत, आणि त्यांच्या घरून रिकाम्या हाताने सुटलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. पण आधी फळी, मग जेवण, असं त्यांनीच जाहीर केलेलं; शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नाही.

खोलीच्या मधल्या मेजावर ऐवज आडवा झाला. काकूंनी पिशवीतून कात्री काढली.

"कात्री नको!" काका ओरडले. घरात एवढ्या जोरात ते पहिल्यांदाच बोलले होते. "आत सगळं दाबून बसवलंय. एक सुतळी तोडलीस की ती बाजू उसळेल आणि तुझं फूल छताला लागेल."

"मग कसं उघडायचं?"

काका गाठींकडे पाहू लागले. बराच वेळ.

"अहो, कसं उघडायचं?"

"ते मला काय ठाऊक?"

"एकतीस वर्षं खोकी बांधलीत ना तुम्ही!"

"बांधली! उघडायची गिऱ्हाइकांनी. आम्ही डिस्पॅच. आम्ही कधी पलीकडे गेलोच नाही."

"आणि गिऱ्हाइकं काय करत असतील मग?" जाऊबाईंच्या यजमानांनी, थोरल्या दादांनी, कुतूहलाने विचारलं.

"तक्रार तर कुणाची आली नाही," काका म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक शंका उमटली. जगभर कुठे कुठे घरांमध्ये आपली बंद खोकी अजून तशीच उभी असतील का, अशी.

काकूंनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंचे ओठ 'अ'च्या आकारात येत होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते काकांनी पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले. "दाब सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. अकरा गाठी, अकरा माणसं. सगळ्यांनी एकदम, मी सांगेन तेवढंच सैल करायचं. वहिनी, तुम्ही या कोपऱ्यावर. तुमचा हात स्थिर आहे."

जाऊबाईंना आजवर कुणी कुठे उभं केलं नव्हतं, त्या करत. पण 'हात स्थिर' ऐकून त्या निमूट कोपऱ्यावर गेल्या. समोरच्या कोपऱ्यावर काकू. मधे नऊ पाहुणे, एकेकाच्या बोटात एकेक गाठ.

"एक सूत!" काका म्हणाले. अकरा गाठी एक सूत सैल झाल्या.

"झालं का?"

"छे. अजून चाळीसेक वेळा. पाचव्या गाठीवाले, तुम्ही दोन सूत सोडलंत. परत घ्या."

"भूक लागलीय हो," पाचवे म्हणाले.

"मग जेवा की! एक हात मोकळा आहे ना?"

थोरल्या दादांना लग्नापासून या घरात वाढायची परवानगी नव्हती; त्यांचं माप चुकतं असं जाऊबाईंचं मत होतं. आता जाऊबाई गाठीला बांधलेल्या. दादांनी पळी उचलली आणि हात सैल सोडला. मोकळे असलेले पाच-सहाजण ताटल्या धरून आणि आपणही खात मेजाभोवती फिरू लागले. डाव्या हातात गाठ, उजव्या हातात घास, नजर काकांच्या ओठांवर. अशा वेळी किती खाल्लं याचं भान कुणाला राहतं?

"अहो, सूप मोजून!" जाऊबाई कोपऱ्यावरून ओरडल्या.

"वहिनी, हलू नका! एक सूत!"

"जाऊबाई, तुम्ही खा ना थोडं," काकू समोरून म्हणाल्या.

"माझं राहू दे, मी मागाहून. तू खा."

"मीही मागाहूनच."

तासाभराने अकराही गाठी सुटल्या. वरची फळी उचलली गेली. उशा एकेक करून निघाल्या, आणि दर उशीला पाहुण्यांतून "अरेच्चा!" निघू लागलं. शेवटी काकांनी पातळ कागदाचं टोक काकूंच्या हातात दिलं. "तू काढ. तुझं काम आहे."

काकूंनी कागद ओढला.

काठ सरळ होता. फुलाच्या चुण्या चुणीशी चुणी उभ्या होत्या. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि त्या फळीभोवती सावकाश फिरल्या, चुकलेला टाका शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या. मनुकांच्या रांगेवरून त्यांनी हवेतच बोट फिरवलं. एका कोपऱ्यापासून त्याच कोपऱ्यापर्यंत.

"एकही मनुका हलली नाही," त्या म्हणाल्या. मग काकूंकडे वळल्या. "पोचली ही भाऊजींची करामत. पण ही रांग हाताने लावलीस? टेप न लावता?"

"नजरेने."

"मला जमलं नसतं," जाऊबाई म्हणाल्या. त्या घराच्या भिंतींनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. एका पाहुण्याने द्राक्ष समजून काहीतरी उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हवेतच परतवला. "हात नाही लावायचा कुणी!"

"नाही लावत," पाहुणे म्हणाले. "आणि खरं सांगू, जागाच नाही."

तेव्हा कुठे जाऊबाईंना शंका आली. त्या आत गेल्या. एकामागून एक झाकणं वाजली. परत आल्या तेव्हा चेहरा असा, की दादा दाराच्या दिशेने सरकले. पण जाऊबाई हळूच म्हणाल्या, "सगळं संपलं. डब्यात भरायला चमचाभरसुद्धा नाही. लोकांना... आवडलं वाटतं."

पाहुणे काकांना बाहेर अंगणात घेऊन गेले. प्रत्येकाला सुतळीची गाठ शिकायची होती, आणि पाचवे आता स्वतःला जाणकार समजू लागले होते. खोलीत भिंतीपासून जरा पुढे ओढलेल्या छातीएवढ्या कपाटावर फळी ठेवली गेली, समोरून दिसेल अशी, आणि तिच्याजवळ दोघी जावा उरल्या. दोघींच्या पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं.

"तू घे आधी," जाऊबाई म्हणाल्या.

"छे, तुम्ही मोठ्या. तुम्ही मोडा."

"मी मोडणार नाही. माझं मन होत नाही."

"आणि माझं होईल? पहाटेपासून लावलीय ती."

मग जाऊबाईंनी दोन स्टुलं आणली आणि कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत ठेवली. "फुलामागचं पुढून दिसत नाही," त्या कुजबुजल्या. "चार वाजता शेजारीण यायचीय बघायला. आपण मागून सुरुवात करू."

अंजीर आधी गेले. मग चॉकलेट. मग जाऊबाईंनी खारा बदाम आणि संत्र्याची फोड एकदम तोंडात टाकली, डोळे मिटले आणि काकूंच्या गुडघ्यावर थाप मारली. काकूंनी त्यांना चीजबरोबर अक्रोड कसा घ्यायचा ते दाखवलं. बिस्किटं संपली तेव्हा दोघी कशालातरी इतक्या हसत होत्या की काठाच्या चार काड्या पडल्या, त्या त्यांनी लगेच खाऊन टाकल्या.

चार वाजता शेजारीण आली. दारातून तिला सरळ काठ दिसला, मनुकांची रांग दिसली, मधलं फूल दिसलं. "अगं बाई! असं काही मी जन्मात पाहिलं नाही," ती म्हणाली आणि आत पाऊल टाकू लागली.

जाऊबाईंनी कपाटामागून डोकं वर काढलं, घाईघाईने घास गिळला आणि एक हात आडवा केला.

"तिथूनच बघा," त्या म्हणाल्या. "जवळून तितकी चांगली दिसत नाही."