मडक्यातला डोंगरसिंग

मधमाशीबद्दल काही विचारायचं असेल, तर केळापूरच्या आसपास त्या काळी एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी, रामधन! स्वतःच्या तोंडानं सांगतोय खरं, पण दुसरं कोण सांगणार? लाकडी पेटीत माशा पाळणारा दुसरा कोणी आमच्या भागात नव्हताच. एकसष्ट साली यवतमाळच्या शिबिरात मी हे काम शिकलो, तोंडावर जाळी घालून फोटो काढून घेतला आणि माशांनी भरलेली पेटी मांडीवर धरून बैलगाडीतून आमच्या बंजारा तांड्यात आलो.

"मले लगनात आनलं तवा एवढं जपलं नाई!" माझी बायको मानीबाई म्हणाली.

पेटी परसात शेवग्याखाली ठेवली. सकाळ-संध्याकाळ मी तिच्यासमोर बसायचो. तांड्यात कोणी भेटलं की मानेला झटका देऊन सांगायचो, "माह्या पेटीतली एक माशी वाट चुकली ना, तरी मले समजते!"

माघ अर्धा सरला. पळस असे फुलले, की लांबून जंगल पेटल्यासारखं दिसायचं. आंब्याला मोहोर आला. एक दिवस पेटी उघडली, तर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी घरं लोंबत होती. राणीची घरं! शिबिरातल्या गुरुजींनी सांगितलं होतं, ही दिसली की काढून टाका. का, ते सांगत होते तेव्हा मला डुलकी लागली होती. मी म्हटलं, राण्या वाढल्या तर मध वाढेल, कमी कसा होईल? आणि झाकण लावून टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पांढरकवड्याहून परत आलो, तर मानीबाई दारातच उभी.

"दुपारी आभाळ भणभणलं," ती म्हणाली. "काळा ढग गेला वो घरावरून. हातभर वर. इतका आवाज का माह्ये दात कडकडले!"

मी परसात जाऊन पाहिलं. माशा आत-बाहेर करत होत्या, पायांना पिवळे परागाचे गोळे लावून. "पाह्य, सगळ्या घरी हायेत," मी म्हटलं. "तुले ऊन लागलं असंन."

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

आता अमरसिंगचं सांगायला हवं. त्याचं वावर आमच्या घरामागेच, नाल्याच्या पलीकडे. त्याचा धाकटा भाऊ डोंगरसिंग. त्याला मोटार चालवायला शिकायचं होतं. पांढरकवड्याचा जफर मिस्त्री त्याला ठेवून घ्यायला तयार होता. अमरसिंग म्हणाला, शेती कोण करणार? शब्दाला शब्द वाढला, आणि मोठा भाऊ सगळ्या तांड्यासमोर ओरडला, "या घराबाहेर पाय टाकला, तर तू मले मेला!"

डोंगरसिंगनं पाय टाकला. अंगातला काळा कोटसुद्धा खुंटीवर राहिला. पांढरकवड्याहून तो कोणाच्या ट्रकवर निघून गेला असं कळलं, मग ट्रक घाटात उलटला असं कळलं, आणि मग काहीच कळलं नाही. अमरसिंग वावरात राबत राहिला. पण ज्वारी कणसात आली तेव्हा त्यानं बुजगावणं उभं केलं आणि तो काळा कोट त्याच्या अंगात चढवला. डोक्याला पालथं मडकं. मडक्याला चुन्याचे डोळे. तोंडाच्या जागी मडकं फुटकंच होतं, ते तसंच राहू दिलं.

माझ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी अमरसिंगची बायको लालीबाई वावरातून पळत आली ती थेट घरात जाऊन बाजेखाली शिरली. पाणी पाजलं तेव्हा बोलली.

"त्याचं तोंड काळं झालं! आन हालून राह्यलं!"

"कोनाचं?"

"डोंगरसिंगभावजीचं! कोट घालून उभे हायेत, तोंड नुसतं वळवळते, आन हूं हूं करून राह्यले!"

अमरसिंग पांढरा पडला. पण तो विचारी माणूस. तडक माझ्याकडे आला. "रामधन, तुह्या माशा तर नाईत ना तिथं?"

बघा, किती सरळ प्रश्न! पण मला तो झोंबला. माझ्या माशा, आणि माझ्या नकळत? मी त्याला हाताला धरून परसात नेलं, पेटीचं दार दाखवलं. "मोजून घे! सगळ्या घरी हायेत. रामधनच्या माशा रामधनले इचारल्याबिगर कुठं जात नाईत!"

अमरसिंग वाकून पेटीच्या दारात डोकावला. मग हळूच म्हणाला, "मंग तोच हाये."

असं मी त्या भुताला प्रमाणपत्र दिलं!

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जण वावराकडे निघालो. मी सगळ्यांच्या पुढे. शिकलेला माणूस ना! धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर आलो आणि थांबलो. ज्वारी छातीपर्यंत, पान हलत नव्हतं. एकही पाखरू नव्हतं. मधोमध तो काळा कोट. तोंड काळं नव्हतं, चुन्याचे डोळे तसेच होते, आणि मी लालीबाईला हसणार इतक्यात ऐकू आलं. बंद ओठांच्या आत कोणी गुणगुणावं तसं, खोल, एकसारखं. हूंऽऽऽ. कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त जाणवत होतं. उन्हात उभा असून माझ्या पाठीवर काटा आला.

आणि मग त्या फुटक्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली. वळली, वर गेली, विरली. पुन्हा निघाली.

"बिडी," कोणीतरी कुजबुजलं. "डोंगरसिंग बिडी पेत होता."

मधमाशीतज्ज्ञ रामधन सगळ्यांत आधी घरी पोचला. वहाणा धुऱ्यावरच राहिल्या.

त्या दिवसापासून वावरात कोणी पाऊल टाकेना. ज्वारी पिकून वाळायला लागली, कणसं खाली लवली. कापणीला बाया येईनात. तांड्याचा नायक फुलसिंग, वयानं मोठा माणूस, त्यानं लांबूनच नारळ फोडला आणि पाठ न फिरवता मागे मागे चालत आला. होळी जवळ आली होती. अमरसिंगला दिवाळीत मुलगा झालेला. आमच्यात वर्षभरात मुलगा झाला की होळीला त्याची धुंड करतात, तांडाभर जेवण, नाच, गाणी. अमरसिंगनं धुंड करायची नाही असं ठरवलं. "भाऊ वावरात उभा, आन मी नाचू?" तो म्हणाला. आणि धुंड न करता तो हे वावर सोडून झरीच्या जंगलाकडे, सासऱ्याच्या गावी निघून जायच्या गोष्टी करायला लागला.

फक्त एक बाई त्या वावरात जायची. धुरपताबाई, दोघा भावांची आई. डोळ्यांनी तिला उजेड-अंधार एवढंच कळायचं. तिनं ऐकलं की डोंगर वावरात उभा आहे, तर काठी उचलली आणि निघाली. अमरसिंग आडवा गेला. आमच्या बोलीत आई म्हणजे याडी, भाऊ म्हणजे भिया.

"याडी, नको जाऊ! तो जिता नाई!"

"माहा हाये ना?" ती म्हणाली, आणि ज्वारीत शिरली.

रोज दुपारी ती बुजगावण्याच्या पायाशी जाऊन बसायची. पदरातली भाकर काढून पुढे ठेवायची. घरातलं सगळं सांगायची: गाय व्याली, लालीबाईला पोरगा झाला, त्याचं नाक तुझ्यासारखं आहे. बोलून झालं की गप्प बसायची, मान तिरकी करून ऐकायची. मग "हो, हो," म्हणायची. धुऱ्यावर उभं राहून आम्ही ते बघायचो. म्हातारीला काय ऐकू येत होतं?

एका दुपारी अमरसिंगला राहवलं नाही. धुऱ्यावरूनच तो ओरडला. एवढा आडदांड गडी, पण आवाज पोराचा निघाला. "डोंगऱ्या! माहं चुकलं रे भिया! मोटार चालव, इमान चालव, काय वाट्टेल ते चालव! पन घरी ये!"

मडकं गुणगुणत राहिलं.

आणि तेव्हा म्हातारीनं हात वर केला. मुलाच्या गालावरून फिरवावा तसा तो मडक्यावरून फिरवला, फुटक्या तोंडापाशी ठेवला. हात खाली आला तेव्हा तो काळा होता. बोटांपासून कोपरापर्यंत काळा, आणि हलत होता! लालीबाई किंचाळली. म्हातारी मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. हळूहळू तो काळेपणा उठला आणि परत मडक्यात गेला.

त्यातला एक ठिपका माझ्या बाहीवर येऊन बसला. पोटावर पिवळे पट्टे. पायाला परागाचा गोळा.

माझीच माशी! मी तडक घरी आलो, जाळी न घालताच पेटी उघडली. अर्धी रिकामी! नव्या राण्या निघणार म्हणून जुनी राणी अर्धा संसार घेऊन नाल्यापलीकडच्या मडक्यात राहायला गेली होती, मला न विचारता. आणि तो बिडीचा धूर म्हणजे मडक्यातून ओळीनं बाहेर पडणाऱ्या माझ्याच माशा!

"आता?" मानीबाई म्हणाली.

"आता सांगतो सगळ्यायले."

"सांगा! त्यायनं नारळ फोडला, ज्वारी वाळवली, भावानं भर उनात माफी मांगली, कोनाची? तुमच्या माशायची! अमरसिंग तुमाले त्याच बांबूवर टांगंन."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी ठरवलं, गुपचूप मडकं घरी आणायचं. आवाज थांबला की भूत गेलं असं लोकच म्हणतील. माशा दिवेलागणीला आत जातात, म्हणून त्याच वेळी निघालो. डसू नयेत म्हणून घोंगडी पांघरली, तोंडावर जाळी. ज्वारीत शिरलो तेव्हा आभाळ तांबडं होतं आणि खाली अंधारायला लागलं होतं. जवळ गेलो. माशाच आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी त्या चुन्याच्या डोळ्यांकडे बघवेना. मी मान खाली घालून काम केलं. फुटक्या तोंडात ओला बोळा, खालून फडकं घट्ट बांधलं, आणि मडकं डोक्यावर घेतलं. ते ऊबदार होतं. माणसाच्या डोक्याएवढं ऊबदार! गुणगुण माझ्या कवटीतून थेट दाढांमध्ये उतरली.

वळलो, तर समोर डोंगरसिंग उभा.

हातात पत्र्याची पेटी, अंगात खाकी सदरा. तो माझ्याकडे बघत होता. त्याला काय दिसलं असेल, ते मला नंतर कळलं: आपला कोट, बिनडोक्याचा, आणि शेजारी काळी घोंगडी पांघरलेली सातफुटी काया, मडक्याच्या डोक्याची, गुणगुणणारी!

"डोंगर?" मी म्हटलं.

त्यानं पेटी टाकली आणि बोंब ठोकून तांड्याकडे पळाला. मला वाटलं, भुतं पळतात? म्हणजे हा जिवंत आहे! "अरे थांब! मी हाये, मी!" असं ओरडत मी मागे धावलो. मडकं एका हातानं धरलेलं.

तांड्यात अमरसिंग अंगणात बैलाला कडबा टाकत होता. त्यानं पाहिलं: मेलेला भाऊ हात पसरून त्याच्याकडे धावत येतोय, आणि त्याच्यामागून यमच! अमरसिंग बैलाखालून पलीकडे निसटला आणि पळत सुटला. अमरसिंग पुढे, "मले खाऊ नको!" त्यामागे डोंगरसिंग, "भिया, वाचव!" त्यामागे मी, "थांबा बाप्पा, माशा हलून राह्यल्या!" लालीबाईनं पोराला घेऊन दार लावलं. फुलसिंग नायक कणगीत शिरला.

घराला एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात ओट्यावर बसलेल्या धुरपताबाईनं काठी आडवी घातली आणि डोंगरसिंग तिच्या पायाशी पालथा पडला. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नाक चाचपलं, कान ओढले, गालात बोट खुपसलं.

"अमऱ्या, इकडं ये," ती म्हणाली. "हा घामेजला हाये. मेलेल्याले घाम येते का?"

अमरसिंग आला, एकेक पाऊल टाकत. भावाला एक बोट लावलं, दुसरं लावलं, आणि मग त्याला मिठी मारून असा रडला, की मलाही भरून आलं. डोळे पुसायला मी हात वर केला.

मडक्याला धरलेला हात!

ते मडकं दोघा भावांच्या बरोब्बर मध्ये फुटलं. इतके दिवस कोणाला न डसलेल्या माशांनी त्या संध्याकाळी सगळा हिशेब पुरा केला. तरी दोघांनी मिठी सोडली नाही, एक म्हणायचा "माहं चुकलं," दुसरा म्हणायचा "अगगग!" मला माशा डसल्याच, आणि माशा संपल्यावर अमरसिंगनं वहाण काढली.

दुसऱ्याच दिवशी होळी. धुंड झाली. जोरात झाली. नाचणाऱ्यांचे डोळे सुजून मिटलेले, ओठ वांग्यासारखे, कोण कोणाचा नवरा ते बायकांना आवाजावरून ओळखावं लागलं. डोंगरसिंगनं सांगितलं, ट्रक उलटला होता, पण तो दुसराच; हा वणीकडे एका मालकाची मोटार चालवत होता. त्या दिवशी सकाळी पांढरकवड्याला जफरकडे चाकाचं काम करून घ्यायला थांबला, तर जफर हसत म्हणाला, "काय रे, तुझं भूत तुझ्या वावरात बिडी फुंकतंय म्हणे!" घरी यायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. ते ऐकलं आणि तसाच निघाला.

मी धुरपताबाईच्या शेजारी बसलो होतो. बिचारीची समजूत घालावी म्हणून म्हटलं, "याडी, त्या मडक्यात माह्या माशा होत्या बरं का. भूतबित काई नाई."

"माशा?" ती म्हणाली.

"हो. नुसत्या माशा."

तिनं नाचाच्या आवाजाकडे मान वळवली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "पन मले पयल्याच दिवशी सांगतलं ना त्यानं. 'याडी, होळीले येतो.' माशी मले याडी म्हनते का, बाप्पा?"

मी शिकलेला माणूस आहे. शिबिरात फोटो काढलेला आहे. ते गुणगुणणं आहे, पंखांचा आवाज आहे, म्हातारीच्या मनाचे खेळ आहेत, हे सगळं मी तिला समजावून सांगू शकलो असतो. पण मी ताटातलं गोड घास घास करून संपवलं आणि उठलो.

माझ्याकडे पेटी अजून आहे. मधही होतो. फक्त आता झाकण उघडायच्या आधी मी जरा खाकरतो.