आवाज मागे, चित्र पुढे

दंतवैद्याचा एक डोळा पेशंटच्या जबड्यात होता आणि दुसरा कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर. लॅपटॉपमध्ये सासऱ्यांची डीव्हीडी घरघरत होती. पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे सरकायची, थबकायची आणि मग लाल अक्षरं उमटायची : ‘डिस्क वाचता येत नाही.’ सकाळपासून हेच चाललं होतं.

डीव्हीडी सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची होती. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज आता एवढ्या एका चकतीतच उरला होता. सासरे दर रविवारी ती लावून बसत. गेल्या आठवड्यात त्यांच्या प्लेअरने मान टाकली. तेव्हा जेवता जेवता डॉक्टर बोलून गेले होते, "त्यात काय, बाबा! मी फाइल करून देतो. पाच मिनिटांचं काम." आज संध्याकाळी सासरे ती बघायला घरी येणार होते.

फोन वाजला. बायको होती.

"झालं का?"

"होतंय."

"म्हणजे नाही झालं. अरे, बाबा आत्ताच येऊन बसलेत!"

"आत्ता? संध्याकाळी येणार होते ना?"

"त्यांना धीर कुठे आहे? आणि डीव्हीडीला काही झालं तर मी तुझं काय करीन ते सांगता येत नाही."

डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात कवळीचं माप घ्यायचा मसाला भरलेला साचा बसवला. "तोंड असंच ठेवा हं. आलोच." पेशंट गाण्याच्या क्लासच्या बाई होत्या. त्यांनी डोळ्यांनीच होकार दिला.

डॉक्टरांनी चकती उजेडात धरली. कडेला ओरखड्यांचं जाळं होतं. ओरखडे घासून काढण्यात तर त्यांची हयात गेली होती! दात चमकवायची पेस्ट घेऊन ते हलक्या हाताने आतून बाहेर चकती घासू लागले. मग पुसली, फुंकली, लॅपटॉपमध्ये सरकवली. पट्टी हलली. अडायची जागा आली आणि चक्क मागे पडली.

"गेली! पुढे गेली!"

"ऊं! ऊंऊं!" मागून आवाज आला.

"बघा, तुम्हालाही आनंद झाला," असं म्हणत डॉक्टर वळले आणि साच्याकडे धावले. मसाला केव्हाच सुकून घट्ट झाला होता. साचा निघेना. डॉक्टरांनी खुर्चीच्या पायावर पाय रोवून ओढला, बाईंनी खुर्चीचे दांडे धरून डोक्याने उलटा जोर लावला, तेव्हा कुठे ‘फटाक्’ करून तो सुटला.

बाईंनी आधी जबडा चाचपला. मग त्यांना वाचा फुटली. "रियाज करून करून आवाज कमावलाय मी! ऊं ऊं करायला नाही!"

त्यांची माफी मागून होईपर्यंत फाइल तयार झाली होती. डॉक्टरांनी ती लावली. पडद्यावर गुलाबांच्या चौकटीत ‘सुरू करा’ एवढीच अक्षरं झळकत होती आणि सनई वाजत होती. संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी नुसता सुरुवातीचा मेनूच उतरवून घेतला होता.

मग त्यांनी उरलेल्या पेशंटना उद्याची वेळ दिली आणि बाह्या सरसावल्या. आधी अख्खी डिस्क कॉम्प्युटरवर उतरवली. जे वाचता येईना ते गाळायला लावलं आणि उरलेल्याची फाइल केली. सुरुवातीला हार घातलेल्या सासूबाई स्वच्छ बोलताना दिसल्या. डॉक्टरांनी पुढचं न बघताच पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि घर गाठलं.

सासरे टीव्हीसमोर ताठ बसले होते. "या, जावईबापू. झाली वाटतं पाच मिनिटं?"

फाइल सुरू झाली. सासूबाईंनी माइक घेतला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात चित्राला दोन-तीन हिसके बसले. गाळलेली जागा हीच असणार, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. चित्र तेवढं गळालं होतं, पण आवाज पुराच राहिला होता. पडद्यावर माइक सासऱ्यांच्या हातात गेला, त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि त्यातून सासूबाईंचा आवाज आला : "मी या घरात आले तेव्हा मला साधी फोडणी येत नव्हती!"

डॉक्टरांचे कान तापले. पडद्यावर मिशा थरथरत होत्या आणि सासूबाई बोलत होत्या. "साडीसुद्धा यांनीच पसंत केली," मिशा म्हणाल्या, "आणि रंग बघा कसला आणलाय!"

"बंद कर ते!" बायको कुजबुजली.

"बाबा, चुकलं माझं," डॉक्टर रिमोट शोधत म्हणाले. "उद्याच आवाज आणि चित्र जुळवून आणतो."

सासऱ्यांचे खांदे हलत होते. डॉक्टर घाबरून पुढे झाले, तर म्हातारा डोळे पुसत हसत होता.

"हात लावू नका," ते म्हणाले. "उभा जन्म आम्ही असाच काढला. तोंड माझं, बोलणं तिचं. त्या शूटिंगवाल्यालाच ते नीट घेता आलं नव्हतं."

आणि त्यांनी आवाज वाढवायला सांगितला.